प्रवासातली उशी : मऊपणा की आधार?

गणपतीच्या दिवसांत मुंबईहून सिंधुदुर्गाकडे येणाऱ्या कोणत्याही रात्रीच्या गाडीत मध्यरात्रीनंतर एक फेरी मारली, तर मानवी मानेची सगळी आसने एकाच वेळी पाहायला मिळतात. कुणाची हनुवटी छातीवर टेकलेली असते, कुणाचे डोके खिडकीच्या काचेवर आपटत असते, कुणी शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्याचा आसरा घेतलेला असतो. सकाळी कणकवलीला किंवा कुडाळला उतरलेला चाकरमानी मान चोळत चोळत मालवणची एस.टी. पकडतो. रात्रभर गाडीत झोपलो होतो असे तो सांगतो, पण झोप झाल्यासारखे त्याला वाटत नाही.

आता या प्रवासाला आणखी एक टप्पा जोडला गेला आहे. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला आणि आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या मोप्याहून २०२३ मध्ये विमाने उडू लागली. मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे, नातवंड होणार आहे, म्हणून साठी-सत्तरीचे आजी-आजोबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात. मुंबईहून लंडन गाठायलाच नऊ-दहा तास लागतात. वाटेत विमान बदलून अमेरिकेला जायचे, तर घरापासून घरापर्यंत दीड दिवस सहज मोडतो. निघण्यापूर्वी कुणीतरी त्यांना मानेभोवती घालायची घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी भेट देतो. दुकानात ती बोटांनी दाबून पाहिलेली असते आणि ‘किती मऊ आहे!’ म्हणून घेतलेली असते. प्रवासात मात्र ती बऱ्याचदा निरुपयोगी ठरते.

असे का होते? याचे उत्तर आपण शाळेत शिकवतो त्या तरफेत, दाबाच्या व्याख्येत आणि बॉइलच्या नियमात आहे. बसून झोपताना लागणारी उशी आणि आडवे होऊन झोपताना लागणारी उशी यांची कामे वेगळी आहेत, हे एकदा लक्षात आले की निवड सोपी होते.

डोक्याची तरफ

विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या प्रकारच्या तरफेची उदाहरणे देताना कात्री, सी-सॉ आणि पहार यांच्या जोडीला आपले डोकेही घालावे. कवटी पाठीच्या कण्याच्या सर्वांत वरच्या मणक्यावर टेकलेली असते. हा झाला टेकू. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. ते सगळे ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य बरोबर टेकूवर नसून थोडा पुढे, चेहऱ्याच्या बाजूला असतो. म्हणजे डोके सदैव पुढे कलंडायच्या बेतात असते. ते कलंडत नाही, कारण मानेच्या मागचे स्नायू त्याला मागून ओढून धरतात. एका बाजूला भार, दुसऱ्या बाजूला स्नायूंचे बल आणि मध्ये टेकू, अशी ही तरफ आहे.

जागेपणी हे स्नायू दिवसभर हळुवार ताणलेले असतात आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. पेंग येऊ लागली की हा ताण सैल होतो. डोके पुढे झुकते, मागचे स्नायू अचानक ताणले जातात, आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियालाही हालचाल जाणवते आणि आपण दचकून मान वर करतो. कंटाळवाण्या सभेत दिसणारी डुलकी ती हीच. डुलकी लागणे म्हणजे तरफेचा तोल जाणे आणि दचकून जागे होणे म्हणजे तो पुन्हा सावरणे.

मांजर आणि कुंडी

एवढ्याने भागले असते, तर मनुष्य पेंगत पेंगत का होईना पण रात्रभर बसून झोपू शकला असता. अडचण पुढेच आहे. फ्रान्समधील लियों येथे मिशेल जुवे या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांजरांच्या झोपेचा अभ्यास करताना मेंदूबरोबरच मानेच्या स्नायूंतील विद्युत्-हालचालीही नोंदवल्या. मांजर झोपले की आधी या हालचाली कमी होत. मग काही वेळाने एक विलक्षण अवस्था येई. मेंदूचा आलेख जागेपणीसारखा दिसे, बंद पापण्यांआड बुबुळे भराभर हलत आणि त्याच वेळी मानेच्या स्नायूंतील हालचाल जवळजवळ शून्य होई. हीच ती स्वप्नांशी जोडली जाणारी झोप. बुबुळांच्या जलद हालचालींमुळे तिला ‘रेम’ झोप असे नाव पडले आहे. माणसालाही ती झोप लागल्यानंतर साधारण दीड तासाने पहिल्यांदा येते आणि नंतर रात्रभर अधूनमधून येत राहते.

पुढे याच प्रयोगशाळेत एक साधी युक्ती वापरली गेली. पाण्याच्या टाकीत उपडी ठेवलेली एक कुंडी आणि तिच्या छोट्याशा बुडावर बसलेले मांजर. साधी झोप मांजर डोके सावरून, बसल्या बसल्या घेऊ शके. पण रेम झोप सुरू झाली की मान सुटे, मांजराचा तोल जाई, अंगाला पाणी लागे आणि ते जागे होई. अशा रीतीने त्याला एक प्रकारची झोप मिळे, पण दुसरी अजिबात मिळत नसे.

सरळ पाठीच्या बाकावर बसून रात्र काढणाऱ्या प्रवाशाची अवस्था या मांजरापेक्षा फारशी वेगळी नसते. मान सुटली की तो जागा होतो. म्हणून बसून झोपताना उशीचे पहिले काम मऊ लागणे हे नाही. झोपेत स्नायूंनी सोडून दिलेले काम त्यांच्या वतीने करणे, हे तिचे पहिले काम आहे.

थोडे गणित

स्नायूंचे हे काम किती असते, ते ढोबळ मानाने काढू. मान वाकवली असता मानेच्या मुळाशी जे हाड हाताला ठळकपणे लागते, तिथून डोक्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर १६ सेंटिमीटर धरू आणि डोक्याचे वजन ५ किलो धरू. डोके पुढे किंवा बाजूला कलले, की त्याला आणखी खाली वळवू पाहणारे आघूर्ण निर्माण होते. ते काढण्यासाठी वजनाला आडव्या अंतराने गुणायचे. आडवे अंतर म्हणजे १६ गुणिले कलण्याच्या कोनाची ज्या.

डोके १५ अंश कलले, तर हे आघूर्ण सुमारे २१ किलो-सेंटिमीटर येते. ३० अंशांना ते ४०, ४५ अंशांना ५७ आणि ६० अंशांना ६९ होते. डोके अगदी आडवे झाले, म्हणजे ९० अंश कलले, तर ते ८० झाले असते. या आकड्यांकडे नीट पाहा. पहिल्या ३० अंशांतच कमाल आघूर्णाचा निम्मा हिस्सा मानेवर येतो. याचा अर्थ, उशीने डोक्याला पहिल्या १०-१५ अंशांतच अडवले पाहिजे. डोके अर्धे पडून गेल्यावर भेटणारी उशी कितीही उंची असली, तरी तिचा उपयोग थोडाच.

आता दुसरा प्रश्न : आधार कुठे द्यायचा? डोके ३० अंश कलले आहे आणि ४० किलो-सेंटिमीटर आघूर्ण तोलायचे आहे. आधार मानेच्या मुळापासून ५ सेंटिमीटर वर, म्हणजे मानेच्या खालच्या भागाला दिला, तर तिथे ४० भागिले ५, म्हणजे ८ किलो बल लागेल. तोच आधार १५ सेंटिमीटरवर, म्हणजे जबडा आणि गाल यांच्यापाशी दिला, तर ४० भागिले १५, म्हणजे जेमतेम २.७ किलो बल पुरेल. दरवाजा बिजागरीजवळ ढकलून पाहा आणि कडीजवळ ढकलून पाहा. तोच हा फरक.

म्हणून जी उशी नुसती गळ्याभोवती कॉलरसारखी बसते आणि जबड्यापर्यंत पोहोचत नाही, ती मानेला दाबते पण डोक्याला धरत नाही. आधार जबड्याला, गालाला किंवा हनुवटीला हवा.

या उशीलाही स्वतःचा टेकू लागतो, ही गोष्ट पुष्कळदा निसटते. डोके उशीला जेवढ्या बलाने ढकलते तेवढ्याच बलाने उशीला खालून कुणीतरी वर ढकलले पाहिजे. बाजूच्या आधारासाठी ते काम खांदा करतो, पुढच्या आधारासाठी छाती आणि मागच्या आधारासाठी खुर्चीची पाठ. उशी आणि खांदा यांच्यात पोकळी राहिली, तर डोके आधी ती पोकळी भरून काढणार आणि मगच थांबणार. तोपर्यंत ते ३० अंश कललेले असते.

मऊपणाचे काम कोणते?

मग मऊपणाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवले, की हाड आणि काच या दोन कठीण वस्तू अगदी थोड्या जागेत एकमेकींना भिडतात. समजा, २.७ किलो बल १० चौरस सेंटिमीटरवर पडले, तर दर चौरस सेंटिमीटरला २७० ग्रॅम भार आला. मऊ वस्तू चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे दबते आणि संपर्काची जागा वाढवते. तेच बल तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर जागेवर पसरले, तर भार २७ ग्रॅमवर येतो. बल तेवढेच राहिले, टोचणे थांबले.

तेव्हा उशीचा मऊपणा दाब पसरवण्यापुरता असावा. ती दबता दबता सपाट झाली, तर आधारही गेला आणि मऊपणाही गेला. दुकानात आपण उशी दोन बोटांनी दाबतो. त्या दाबाचा आणि डोक्याच्या भाराचा काही संबंध नसतो. बोटांना लोण्यासारखी लागणारी उशी डोक्याखाली पापडासारखी होऊ शकते.

खुर्ची किती कलते?

उशीची गरज किती, हे खुर्चीवरही अवलंबून आहे. निकोल्सन आणि स्टोन या ब्रिटिश संशोधकांनी १९८७ मध्ये ‘एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाठीचा उभ्या रेषेशी १७.५ अंश, ३७ अंश आणि ४९.५ अंश कोन होईल अशा तीन आसनांवर त्यांनी माणसांना रात्रभर झोपवले आणि त्यांच्या झोपेची नोंद घेतली. पाठ जसजशी उभी, तसतशी झोप खराब होत गेली. उभ्या रेषेपासून साधारण ४० अंशांहून अधिक कललेल्या आसनात मात्र समाधानकारक झोप मिळू शकली.

याचे कारण आता आपणच सांगू शकतो. पाठ मागे कलली की डोक्याच्या वजनाचा काही हिस्सा खुर्चीवर पडतो. हा हिस्साही कोनाच्या ज्येनुसार बदलतो : पाच किलोच्या डोक्यासाठी १७.५ अंशांना सुमारे दीड किलो, ३७ अंशांना तीन किलो आणि ४९.५ अंशांना ३.८ किलो. डोके खुर्चीवर जितके अधिक रेलते, तितके ते धक्क्याने पुढे उसळण्याची शक्यता कमी.

स्वस्त तिकिटाच्या विमान-खुर्चीची पाठ फार मागे जात नाही. साध्या एस.टी.ची किंवा बसून जायच्या रेल्वेडब्याची तर जवळजवळ उभीच असते. तेव्हा जिथे पाठ मागे जाते, तिथे ती आधी मागे घ्यावी. कोणत्याही उशीपेक्षा ते अधिक परिणामकारक आहे. मागे बसलेल्या माणसाला विचारून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

इथेच नालेच्या आकाराच्या उशीचा नेहमीचा दोष कळतो. तिचा मानेमागचा भाग जाड असतो. ती घालून खुर्चीला टेकले, की ही जाडी मानेला पुढे लोटते आणि जे डोके मुळातच पुढे कलंडायला तयार असते त्याला आणखी मदत होते. अशी उशी घरात आधीच असेल, तर ती फिरवून घालावी. जाड भाग हनुवटीखाली आणि उघडी बाजू मागे. डोके खुर्चीला टेकते, हनुवटीला छातीवरून आधार मिळतो आणि आहे तीच उशी कामाची ठरते. मात्र गळ्याशी ती आवळता कामा नये. गळा आणि उशी यांच्यात दोन बोटे सहज जावीत. तान्ह्या बाळाच्या गळ्याभोवती असे काही घालूच नये.

आत काय भरलेले आहे?

कोकणात उशी म्हटली की सावरीचा कापूस आठवतो. हिवाळा सरता सरता निष्पर्ण काटेसावरीवर लालभडक फुले येतात आणि उन्हाळ्यात बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडू लागतो. या सावरीचा आणि तिच्या भाऊबंदांपैकी पांढऱ्या सावरीचा तंतू आतून पोकळ, गुळगुळीत आणि मेणचट असतो. साध्या कापसाच्या तंतूला असतो तसा पीळ त्याला नसतो, म्हणून त्याचे सूत नीट निघत नाही. पण पोकळ असल्यामुळे तो हलका असतो आणि मेणचटपणामुळे पाणी धरत नाही. याच गुणांमुळे पांढऱ्या सावरीचा कापूस एके काळी बुडत्याला तारणाऱ्या जाकिटांत भरत. घरच्या उशीला तो उत्तम. प्रवासाच्या उशीत मात्र एक अडचण येते : भार पडला की तंतू एकमेकांवरून घसरतात आणि कापूस बाजूला सरकतो. खोळ सैल असेल, तर जिथे आधार हवा तिथेच खळगा पडतो. म्हणून तो ठासून भरावा किंवा खोळीला मध्ये मध्ये टाके घालून कप्पे करावेत. साधा कापूस जड असतो, घामाचा ओलावा धरतो आणि काही दिवसांनी त्याच्या गाठी होतात. मग पिंजाऱ्याची आठवण येते.

साधा फोम दाबला की दबतो आणि सोडला की लगेच उसळतो. भरपूर घट्ट असेल, तर आधार चांगला देतो. हल्ली ज्याची जाहिरात अधिक असते तो ‘मेमरी फोम’ १९६६ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेसाठी चार्ल्स योस्ट यांनी विमानाच्या आसनांकरिता तयार केला. तो हळू दबतो आणि हळूच मूळ आकारात येतो, त्यामुळे चेहऱ्याच्या आकाराप्रमाणे बसतो आणि उलट ढकलत नाही. पण तो तापमानानुसार बदलतो. थंडीत कडक होतो आणि उबेने मऊ पडतो. मे महिन्यात मालवणच्या बाजारात दाबून पाहिलेला फोम गारेगार विमानात किंवा वातानुकूलित बसमध्ये सुरुवातीला चांगलाच घट्ट लागेल, हे ध्यानात ठेवावे. शिवाय तो उष्णता धरून ठेवतो. घाम येणाऱ्याने त्याला सुती अभ्रा घालावा.

फुगवायची उशी आणि बॉइलचा नियम

हवेने फुगवायची उशी सर्वांत स्वस्त आणि घडी करून खिशात मावणारी. तिचा आणखी एक फायदा असा, की हवा कमीजास्त करून तिची उंची आपल्या मानेप्रमाणे जुळवता येते. पण विमानात तिचे वागणे वेगळे असते.

प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो, तरी तो जमिनीवरच्याइतका नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर उंचीच्या ठिकाणी जेवढा दाब असतो, त्याच्या खाली तो नेहमीच्या उड्डाणात जाऊ देत नाहीत. काही नव्या विमानांत ही मर्यादा १८०० मीटरच्या आसपास ठेवलेली असते. समुद्रसपाटीला दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, २४०० मीटरवर साधारण ७५. तापमान तेच राहिले, तर बॉइलच्या नियमानुसार हवेचे आकारमान १०१ भागिले ७५, म्हणजे जवळजवळ १.३५ पट होऊ पाहते. जमिनीवर गच्च फुगवलेल्या उशीला ताणायला जागा नसते. ती दगडासारखी टणक होते आणि शिवणीवर ताण येतो. म्हणून उशी विमान वर गेल्यावरच फुगवावी. उतरताना तीच उशी आपोआप लुळी पडेल. ती फाटली असे समजू नये.

हा नियम अनुभवायला विमानाची गरज नाही. मालवणहून बंद वेफरचे पाकीट घेऊन आंबोलीला जा. सुमारे ६९० मीटरच्या चढाने हवेचा दाब आठ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि पाकीट टम्म दिसू लागते. सहलीला निघालेल्या मुलांनी घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाकिटाची जाडी दोन पुस्तकांच्या मध्ये धरून पट्टीने मोजली, तर बॉइलचा नियम त्यांना पाठ करावा लागणार नाही.

वाहन पाहून उशी

सगळ्या प्रवासांना एकच उशी योग्य नसते. घाटातल्या वळणावर काय होते ते पाहा. बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने, ५० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जात आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केल्यास त्वरण दर सेकंदाला दर सेकंदास २ मीटर येते. गुरुत्वत्वरणाच्या पाचव्या हिश्शाइतके. म्हणजे पाच किलोचे डोके सुमारे एक किलो बलाने बाहेरच्या बाजूला ओढले जाते. पुढच्या वळणावर तीच ओढ उलट दिशेला. बसच्या प्रवाशाला दोन्ही बाजूंचा आधार आधी हवा. खिडकीची जागा मिळाली, तर काच आणि गाल यांच्यामध्ये घट्ट गुंडाळलेली शाल चालेल, पण दुसरी बाजू मोकळी राहते हे विसरू नये.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली आणि आपल्यापैकी अनेकांना रात्री आडवे होऊन येण्याची सोय झाली. शायिका असेल, तर घरातली साधी उशीच बरी. बसून यायचे असेल, तर रेल्वेची वळणे मोठ्या त्रिज्येची असल्याने बाजूची ओढ कमी असते. डोके पुढे पडण्याची काळजी अधिक. विमानात बाजूचे धक्के त्याहून कमी, पण तास जास्त. तिथे हनुवटीखालचा आधार सर्वांत उपयोगी. लांब पल्ल्याच्या पुष्कळ विमानांत खुर्चीच्या डोक्याकडच्या भागाच्या दोन्ही कडा पुढे वळवता येतात. आजी-आजोबांना हे कुणी सांगत नाही. निघण्यापूर्वी आपण सांगावे.

एक सावधगिरी

उशी इतकी चांगली लाभली की माणूस आठ तास हललाच नाही, हेही बरे नव्हे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर ढकलतात. बसून राहिल्यास हा पंप थांबतो आणि रक्त साकळून गुठळी होण्याचा संभव वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून अधिक वेळ सतत बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि ते विमानाइतकेच बस, रेल्वे व मोटारीलाही लागू आहे. मुळात धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक. तेव्हा घाबरायचे कारण नाही. पण जाग आली की टाचा-चवडे वर-खाली करावेत, उठून चार पावले चालावे. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हातात कळ किंवा मुंग्या येत असतील, तर मानेचा प्रश्न उशीवर सोडू नये.

वर्गात करून पाहा

१. एका जाड काठीच्या टोकाला सोललेला नारळ घट्ट बांधा. काठीचे दुसरे टोक टेबलावर टेकवून ती उभी धरा. वरून पाच सेंटिमीटरवर आणि खालून पाच सेंटिमीटरवर तागडीकाट्याचा हूक अडकवून, काठी ३० अंश कललेली असताना ती तोलून धरायला किती बल लागते ते दोन्ही ठिकाणी मोजा. काटा काठीशी काटकोनात ओढा. कोन बदलून नोंदी करा आणि आलेख काढा.

२. घरातल्या वेगवेगळ्या उशा आणायला सांगा. प्रत्येकीची जाडी आधी मोजा, मग तिच्यावर दोन किलो तांदळाची पिशवी ठेवून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आपल्या गणितानुसार डोके १५ अंश कलले तर जबड्यापाशी सुमारे १.४ किलो आणि ३० अंशांना २.७ किलो भार येतो. दोन किलो त्यांच्या मधले आहे. सावर, कापूस, फोम, हवा आणि घडी घातलेली गोधडी यांचा क्रम लावा.

३. जोडीने बसा. एकाने ताठ बसून डोके अगदी किंचित बाजूला कलवावे. दुसऱ्याने खांद्याच्या वरच्या भागापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचे उभे अंतर पट्टीने मोजावे. ही झाली त्या मुलाच्या उशीची योग्य जाडी, भार ठेवल्यानंतरची. प्रत्येकाचे माप वेगळे येते. सर्वांना बसणारी एकच उशी का नसते, हे मुले स्वतःच सांगतील.

तिसऱ्या प्रयोगानंतर मुलांना एक काम द्यावे : घरातला पंचा किंवा टॉवेल गुंडाळून आणि दोन टोके सुतळीने बांधून आपल्या मापाची प्रवासी उशी बनवणे. मागे पातळ, बाजूला जबड्यापर्यंत उंच, खांद्यावर पोकळी न ठेवता टेकणारी आणि हनुवटीखाली जुळणारी. ती दुकानातल्या उशीशी तांदळाच्या पिशवीच्या कसोटीवर ताडून पाहावी. घट्ट गुंडाळलेला टॉवेल या कसोटीला चांगला उतरतो, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. येत्या सुट्टीत कुणाची आजी लांबच्या प्रवासाला निघणार असेल, तर तिच्या खांद्यापासून जबड्यापर्यंतचे माप आधी घेऊन ठेवायला सांगावे.